थायमोसिन बीटा-४: शरीरातलं काम आणि कुपीतलं औषध

बोट कापलं की आपल्याला दिसतं ते एवढंच, की रक्त आलं आणि थोड्या वेळाने थांबलं. त्या काही मिनिटांत आत मात्र प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात, फायब्रिनच्या धाग्यांचं जाळं तयार होतं आणि प्लेटलेट्समधून, चिरडलेल्या पेशींमधून असंख्य रेणू जखमेत सांडतात. त्यांतला एक अगदी छोटा आहे. ४३ अमिनो आम्लांची सरळ साखळी, बस. इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्लं असतात, म्हणजे हा त्याहूनही लहान. त्याचं नाव थायमोसिन बीटा-४.

गेल्या काही वर्षांत हे नाव भलत्याच ठिकाणी ऐकू येऊ लागलं आहे. व्यायामशाळेत, खेळाडूंच्या गप्पांत, ‘पेप्टाइड थेरपी’च्या जाहिरातींत. दुखावलेला स्नायू लवकर बरा होतो, जुनं सांध्याचं दुखणं जातं, जखमा झपाट्याने भरतात, असे दावे केले जातात. आणि शंका काढली की ठरलेलं उत्तर येतं: हे शरीरातच तयार होतं, म्हणून नैसर्गिक, म्हणून सुरक्षित. यातली पहिली पायरी शंभर टक्के खरी आहे. दुसरी अर्धीच खरी, कारण कुपीतलं पेप्टाइड रासायनिक पद्धतीने कारखान्यात बनवलेलं असतं. आणि तिसरी पायरी पहिल्या दोन्हींवरून निघतच नाही. शरीर एखादा रेणू कुठे, किती आणि किती वेळ वापरतं याला मोजमाप असतं. तोच रेणू सुईने बाहेरून देणं ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. मला या लेखात हे अंतर दाखवायचं आहे. रेणू खरोखर विलक्षण आहे, म्हणूनच त्याच्याबद्दल नीट माहिती असायला हवी.

आधी पेप्टाइड म्हणजे काय ते थोडक्यात. अमिनो आम्लं एकमेकांना जोडली की साखळी होते. साखळी लांब असेल तर तिला प्रथिन म्हणतात, आखूड असेल तर पेप्टाइड. साधारण पन्नासच्या आसपास ही हद्द मानतात, पण ती काटेकोर नाही. बहुतेक प्रथिनं ठरावीक आकारात घडी घालून बसतात आणि त्या आकारावरच त्यांचं काम अवलंबून असतं. थायमोसिन बीटा-४ तसं नाही. पाण्यात ते जवळजवळ बिनआकाराचं, सैल तरंगत असतं. आपल्या जोडीदार प्रथिनाला भेटलं की मगच त्याच्याभोवती आकार घेतं. हा जोडीदार कोण, ते कळायला मात्र बरीच वर्षं लागली.

कारण शोध सुरू झाला तो भलत्याच वाटेने. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये अब्राहम व्हाइट आणि ॲलन गोल्डस्टीन थायमस ग्रंथीचा अभ्यास करत होते. छातीच्या हाडामागे असणारी ही ग्रंथी रोगप्रतिकारक पेशींना घडवते, आणि तिच्या अर्कात त्या पेशींची वाढ घडवणारं काहीतरी आहे असं त्यांना दिसत होतं. १९६६ साली त्यांनी त्या अर्काला थायमोसिन नाव दिलं. पुढे लक्षात आलं की तो एक पदार्थ नसून अनेक पेप्टाइडांचं मिश्रण आहे. मग विद्युतभाराच्या गुणधर्मानुसार त्यांची अल्फा, बीटा, गॅमा अशी विभागणी झाली. बीटा गटातल्या चौथ्या पेप्टाइडची संपूर्ण रचना १९८१ मध्ये, वासराच्या थायमसमधून, उलगडली.

इथे एक सावधगिरी सांगून ठेवतो, कारण जाहिराती इथेच घोळ घालतात. थायमोसिन अल्फा-१ हे २८ अमिनो आम्लांचं वेगळं पेप्टाइड आहे. ते प्रतिकारशक्तीशी संबंधित आहे आणि काही देशांत हिपॅटायटिस बी साठी औषध म्हणून मान्यही आहे. त्या मान्यतेचा बीटा-४ शी काही संबंध नाही. दोघं एकाच ग्रंथीच्या अर्कात सापडले, एवढंच त्यांचं नातं.

बीटा-४ तर थायमसचं खास पेप्टाइडही निघालं नाही. शोधू तिथे ते सापडत गेलं: प्लेटलेट्स, पांढऱ्या पेशी, त्वचा, मेंदू, हृदय, अश्रू, लाळ. तांबड्या रक्तपेशी सोडल्या तर जवळजवळ सगळीकडे. आणि तेही भरपूर. इतक्या पेशींत इतक्या मोठ्या प्रमाणात असलेला रेणू एका ग्रंथीचा संदेशवाहक कसा असेल? त्याचं काम काहीतरी मूलभूत असणार, हे उघड होतं.

उत्तर १९९० आणि १९९१ मध्ये मिळालं, तेही प्लेटलेट्सच्या अभ्यासातून. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डॅनियल सेफर आणि विव्हियन नॅकमियास एका जुन्या कोड्यावर काम करत होते, आणि ते कोडं ॲक्टिनचं होतं.

ॲक्टिन हे आपल्या पेशींमधलं सर्वांत विपुल प्रथिनांपैकी एक. त्याचे सुटे रेणू गोलसर असतात आणि एकापुढे एक जोडले गेले की त्यांचा लांब धागा होतो. या धाग्यांमुळे पेशीला आकार मिळतो, ती ताणली जाते, आणि मुख्य म्हणजे ती सरकते. सरकणाऱ्या पेशीच्या पुढच्या कडेला ॲक्टिनचे धागे भराभर वाढतात आणि पातळ पडद्याला पुढे ढकलतात. मागच्या बाजूला जुने धागे सुटे होतात, आणि तेच रेणू पुढे पुन्हा वापरले जातात. ही ये-जा सेकंदांच्या हिशोबात चालते.

कोडं असं होतं. परीक्षानळीत योग्य क्षार आणि एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, असेल, तर सुटा ॲक्टिन फार कमी प्रमाणात सुटा राहतो. त्याचं प्रमाण ०.१ मायक्रोमोलरच्या आसपास गेलं की त्यावरचा सगळा ॲक्टिन आपोआप धाग्यांत जातो. प्लेटलेट्समध्ये मात्र याच्या हजारो पट ॲक्टिन सुटा असतो आणि तरीही तो जुळत नाही. कुणीतरी त्याला धरून ठेवत असणार. सेफर आणि नॅकमियास यांनी प्लेटलेट्समधून तो धरून ठेवणारा छोटा पेप्टाइड वेगळा काढला, त्याची रचना तपासली, आणि तो निघाला थायमोसिन बीटा-४.

बांधकामाच्या जागी विटा रचून ठेवलेल्या असतात, पण त्या आपापसांत चिकटून भिंत होत नाहीत, म्हणून तर गवंड्याला हवी तिथे हवी तेव्हा भिंत उभारता येते. बीटा-४ पेशीत ॲक्टिनच्या बाबतीत हेच साधतं. एक बीटा-४ एका सुट्या ॲक्टिनला धरतं, म्हणजे तो धाग्यात जुळत नाही. पण ही पकड सैल असते. धरणं आणि सोडणं सतत चालू असतं. धाग्याचं टोक वाढायला मोकळं झालं की प्रोफिलिन नावाचं दुसरं प्रथिन सुटा झालेला ॲक्टिन उचलतं आणि त्या टोकाला नेऊन देतं. त्यामुळे पेशीकडे कायम मोठा साठा हाताशी असतो आणि इशारा मिळताच ती हालचाल करू शकते. गोल प्लेटलेट काही सेकंदांत पसरून काटेरी होते, ती या साठ्याच्या जोरावर.

पेशी सरकण्याचा आणि जखम भरण्याचा संबंध इथे जुळतो. त्वचेवरची जखम झाकली जाते ती कडेच्या पेशी सरकत सरकत मध्ये आल्यामुळे. नव्या रक्तवाहिन्या फुटतात त्या अस्तराच्या पेशी पुढे घुसल्यामुळे. कचरा आणि जंतू उचलायला पांढऱ्या पेशी येतात त्याही सरकतच येतात. जखम भरणं ही मुळात पेशींच्या स्थलांतराची गोष्ट आहे, आणि स्थलांतर ॲक्टिनवर चालतं.

आता एक अडचणीचा प्रश्न, जो जाहिरातींत कधी विचारला जात नाही. वर सांगितलेलं सगळं काम पेशीच्या आतलं आहे. पेप्टाइड जखमेवर लावलं किंवा सुईने दिलं, तर ते पेशीच्या बाहेर असतं. बाहेरचा बीटा-४ आतल्या ॲक्टिनच्या साठ्यात भर घालतो म्हणून जखम लवकर भरते, हे स्पष्टीकरण सोपं वाटतं, पण पुरेसं नाही. आत आधीच त्याचं प्रमाण प्रचंड असतं. शिवाय तर्क पुढे नेला तर जास्त बीटा-४ म्हणजे जास्त ॲक्टिन अडकलेला, म्हणजे हालचाल कमीच व्हायला हवी.

म्हणून संशोधकांनी बाहेरच्या कामाचा वेगळा विचार केला. बीटा-४ वर पेशीतून बाहेर टाकलं जाण्याची नेहमीची खूण नसते, त्यामुळे जखमेत ते मुख्यतः प्लेटलेट्समधून आणि फुटलेल्या पेशींमधून येतं. तिथे आल्यावर ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं विकर (एन्झाइम) त्याला फायब्रिनच्या आणि कोलॅजेनच्या धाग्यांना जोडून टाकतं, म्हणजे ते वाहून न जाता जखमेतच टिकतं. प्रयोगांमध्ये त्याने दाह वाढवणाऱ्या संदेशांना आवर घातल्याचं, पेशी मरण्यापासून वाचवल्याचं आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींना ओढून आणल्याचं दिसलं आहे. आणि सर्वांत रंजक भाग असा, की ४३ अमिनो आम्लांच्या या साखळीतले वेगवेगळे तुकडे वेगवेगळी कामं करताना दिसतात. १७ ते २३ क्रमांकाची सात अमिनो आम्लं ॲक्टिनला धरतात, आणि पेशींची हालचाल व नव्या रक्तवाहिन्यांची वाढ यांच्याशीही त्यांचाच संबंध जोडला गेला आहे. सुरुवातीची चार मात्र वेगळ्याच कामाची आहेत.

या चारांवर थोडं थांबायला हवं. सेरिन, ॲस्पार्टिक आम्ल, लायसिन, प्रोलिन, आणि सुरुवातीला ॲसिटाइल नावाचा छोटा रासायनिक गट. शरीरातली विकरं बीटा-४ मधून हा तुकडा कापून काढतात आणि तो रक्तात स्वतंत्रपणे फिरतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हा तुकडा हृदय आणि मूत्रपिंडात होणारा तंतूंचा साठा, म्हणजे अवयव आतून घट्ट आणि ताठर होण्याची प्रक्रिया, कमी करतो असं दिसतं. जखम भरणं आणि व्रण राहणं यांतला फरक इथेच आहे. भगदाड बुजवायला कोलॅजेन हवंच, पण ते थांबलं नाही तर मऊ अवयवाच्या जागी कडक गाठ उरते. आता हा चौकडीचा तुकडा शरीरात नष्ट कोण करतं? रक्तदाबाच्या काही गोळ्या ज्या विकराला रोखतात, तेच एसीई. १९९६ च्या एका अभ्यासात निरोगी माणसांना कॅप्टोप्रिल या अशाच औषधाची ५० मिलिग्रॅमची एक गोळी दिली तेव्हा रक्तातल्या या तुकड्याची पातळी सुमारे साडेपाच पट वाढली. म्हणजे जगभरात कोट्यवधी लोक ज्या जुन्या, स्वस्त गोळ्या घेतात, त्या नकळत या पेप्टाइडच्या एका तुकड्याचं आयुष्य वाढवत आल्या आहेत. मला हा या विषयातला सर्वांत सुंदर धागा वाटतो, आणि गंमत म्हणजे कुपी विकणारे याबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

उपचार म्हणून पाहिलं तेव्हा

जखमेवरचं पहिलं ठळक काम १९९९ मध्ये उंदरांच्याच कुळातल्या मोठ्या घुशींवर, म्हणजे प्रयोगशाळेतल्या रॅटवर झालं. पाठीवर केलेल्या जखमेवर बीटा-४ लावलं किंवा पोटात टोचलं. नुसतं खारं पाणी दिलेल्या प्राण्यांच्या तुलनेत चौथ्या दिवशी नवी त्वचा ४२ टक्के जास्त सरकलेली होती आणि सातव्या दिवशी हा फरक ६१ टक्क्यांपर्यंत गेला. पुढे मधुमेही आणि म्हाताऱ्या उंदरांतही जखमा लवकर भरल्याचं दिसलं. हे निष्कर्ष चांगले होते आणि त्यांनी माणसांवरच्या चाचण्यांना तोंड फोडलं, ते योग्यच झालं.

पण उंदराची कातडी आणि माणसाची कातडी यांत एक मोठा फरक आहे. उंदराच्या त्वचेखाली पातळ स्नायूचा थर असतो, आणि त्याची जखम बऱ्याच अंशी कडा आवळून बंद होते. आपली जखम मुख्यतः खालून मांस भरून आणि वरून त्वचा सरकून बंद होते. शिवाय प्रयोगातली जखम बहुतेक वेळा तरण्या, निरोगी प्राण्यावर धारदार हत्याराने केलेली, ताजी असते. ज्या माणसांना उपचाराची खरी गरज आहे, त्यांच्या जखमा महिनोन् महिने चिघळलेल्या असतात. पायातल्या शिरांमधून रक्त नीट वर चढत नाही, किंवा अंथरुणाला खिळल्यामुळे एकाच जागी दाब पडतो, किंवा मधुमेहाने नसा बधिर झालेल्या असतात. तिथे अडचण एका पेप्टाइडच्या कमतरतेची नसतेच.

माणसांवरच्या चाचण्यांनी हेच दाखवलं. अमेरिकेतल्या रीजेनेरेक्स या कंपनीने बीटा-४ चं जेल तयार करून शिरांच्या दोषामुळे होणाऱ्या पायाच्या जखमा, बेडसोअर आणि एपिडर्मोलिसिस बुलोसा हा त्वचा सोलवटून निघण्याचा जन्मजात आजार यांवर दुसऱ्या टप्प्याच्या चाचण्या केल्या. त्रास देणारे दुष्परिणाम फारसे दिसले नाहीत. शिरांच्या जखमांमध्ये मधल्या मात्रेने सर्वांत चांगला कल दाखवला, आणि ज्यांच्या जखमा भरल्या त्यांच्यात त्या सुमारे महिनाभर आधी भरल्या. सर्वांत जास्त मात्रा सर्वांत चांगली ठरली नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पण हा कल निर्विवाद पुराव्याइतका पक्का नव्हता, आणि त्यावर आधारून जखमेचं औषध बाजारात आलं नाही.

डोळ्याच्या बाबतीत चित्र जास्त आशादायक आहे, आणि त्याला कारणही आहे. कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, रक्तवाहिन्या नसतात. थेंब टाकले की औषध थेट जखमेवर पडतं. बाकी शरीरात ते नगण्य जातं. आणि जखम भरली की नाही हे डॉक्टरला रंग टाकून दिव्याखाली स्पष्ट दिसतं. न्यूरोट्रॉफिक केराटोपॅथी या आजारात कॉर्नियाच्या नसा निकामी होतात, डोळ्याला जखम झाल्याची जाणीवच राहत नाही आणि ती भरतही नाही. अशा १८ रुग्णांवरच्या चाचणीत चार आठवड्यांनी बीटा-४ चे थेंब घेणाऱ्या १० पैकी ६ जणांची जखम पूर्ण भरली, आणि औषध नसलेले थेंब घेणाऱ्या ८ पैकी एकाची. फरक डोळ्यांत भरणारा आहे, पण १८ हा आकडा इतका लहान आहे की संख्याशास्त्राच्या नेहमीच्या निकषाला तो जेमतेम कमी पडला. कोरड्या डोळ्यांसाठी मात्र सुमारे ७०० जणांवर मोठी चाचणी झाली आणि २०२१ मध्ये जाहीर झालेल्या निकालात तिचं मुख्य उद्दिष्ट साध्य झालं नाही. एकच थेंब, दोन आजार, दोन वेगळे निकाल. ‘डोळ्यासाठी चांगलं’ असं सरसकट म्हणता येत नाही ते यामुळे.

हृदयाची गोष्ट सर्वांत जास्त गाजली, आणि ती नीट सांगायला हवी कारण जाहिरातींत तिचा फक्त पहिला अर्धा भाग येतो. २००४ मध्ये दीपक श्रीवास्तव यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये दाखवलं की उंदरांना हृदयविकाराचा झटका आल्यावर बीटा-४ दिलं तर हृदयाच्या पेशी जास्त तगतात आणि हृदयाचं काम सुधारतं. २००७ मध्ये पॉल रायली आणि निकोला स्मार्ट यांनी हृदयाच्या बाहेरच्या आवरणातल्या झोपलेल्या पेशी या पेप्टाइडने जाग्या होतात असं मांडलं. २०११ मध्ये तर त्यांतून हृदयाच्या नव्या स्नायूपेशी तयार होऊ शकतात असं दाखवणारा निबंध आला. तुटलेलं हृदय पुन्हा घडवता येईल, अशी ही आशा होती. पण त्या प्रयोगात पेप्टाइड झटक्याच्या आधीपासून दिलेलं होतं. २०१२ मध्ये दुसऱ्या गटाने ते झटक्यानंतर दिलं, जसं खऱ्या रुग्णाला द्यावं लागेल, तेव्हा त्या पेशी स्नायूपेशी झाल्या नाहीत. त्याच सुमाराला, ज्या उंदरांत बीटा-४ चा जनुकच काढून टाकला होता त्यांची हृदयं सर्वसाधारणपणे वाढल्याचंही प्रसिद्ध झालं. माणसांवर हृदयविकारासाठी दुसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू होणार होती. पेप्टाइड बनवणाऱ्या कारखान्याने उत्पादनाचे दर्जानियम पाळले नसल्यामुळे अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०११ मध्ये ती थांबवली.

हे अपयशाचं पुराण म्हणून मी सांगत नाही. औषध शोधण्याचं काम असंच चालतं: एक दार उघडतं, दोन बंद होतात, आणि प्रत्येक निकालाने प्रश्न जास्त नेमका होतो. मला खटकतं ते हे, की बंद झालेली दारं पुसून फक्त उघडलेली दाखवली जातात, आणि ती दाखवली जातात दुखण्याने हैराण झालेल्या माणसाला.

कुपीत काय असतं

बाजारात ‘टीबी-५००’ या नावाने जे विकलं जातं, ते थायमोसिन बीटा-४ च आहे असं बहुतेक खरेदीदार समजतात. या नावाचा माल आधी घोड्यांच्या शर्यतींच्या जगात फिरत होता. २०१२ मध्ये डोपिंग तपासणाऱ्या संशोधकांनी तो प्रयोगशाळेत तपासला, तेव्हा त्यात ४३ अमिनो आम्लांची अख्खी साखळी नव्हती. होता तो १७ ते २३ हा सात अमिनो आम्लांचा तुकडा, टोकाला ॲसिटाइल गट लावलेला. म्हणजे ॲक्टिनला धरणारा भाग आहे, पण दाह आणि तंतूंचा साठा कमी करण्याशी ज्याचा संबंध आहे तो सुरुवातीचा चौकडीचा तुकडा त्यात नाहीच. आणि वर ज्या मानवी चाचण्या सांगितल्या, जेलच्या काय नि थेंबांच्या काय, त्या सगळ्या अख्ख्या बीटा-४ च्या होत्या. त्यांतला एकही निष्कर्ष या सात अमिनो आम्लांना लागू होत नाही. आज या नावाखाली कुणी अख्खं पेप्टाइड विकतं, कुणी तुकडा. लेबलवरून ओळखता येईलच असं नाही, आणि त्याच लेबलवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की हे केवळ संशोधनासाठी आहे, माणसांनी वापरण्यासाठी नाही.

एफडीएने २०२३ मध्ये हा सात अमिनो आम्लांचा तुकडा, औषध दुकानांनी स्वतः मिसळून देण्याच्या पदार्थांच्या यादीत, सुरक्षेची गंभीर शंका असलेल्या गटात टाकला. कारण देताना त्यांनी अशुद्धतेचा आणि शरीराने त्याविरुद्ध प्रतिकार उभा करण्याचा धोका सांगितला. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था वाडा हिच्या यादीत तर थायमोसिन बीटा-४ आणि टीबी-५०० सारखे त्याचे प्रकार, स्पर्धा असो वा नसो, वर्षभर बंदी असलेले आहेत.

या बंदीची किंमत किती मोठी असू शकते ते ऑस्ट्रेलियात दिसलं. मेलबर्नच्या एसेंडन या ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्लबमध्ये २०१२ च्या हंगामात खेळाडूंना इंजेक्शनं देण्याचा एक कार्यक्रम राबवला गेला. खेळाडूंनी संमतीपत्रांवर सह्या केल्या होत्या, त्यांत थायमोसिन एवढाच उल्लेख होता, आणि ते नियमात बसतं असं त्यांना सांगितलं गेलं होतं. २०१५ मध्ये लीगच्या लवादाने त्यांना दोषमुक्त केलं. वाडाने दाद मागितली, आणि जानेवारी २०१६ मध्ये क्रीडा लवाद न्यायालयाने ३४ आजी-माजी खेळाडूंनी थायमोसिन बीटा-४ घेतल्याचं ग्राह्य धरून दोन वर्षांची बंदी घातली. आधी भोगलेल्या तात्पुरत्या बंदीचा काळ वजा धरूनही २०१६ चा अख्खा हंगाम गेला. कर्णधार जोब वॉटसन यांना २०१२ चं ब्राउनलो पदक, त्या खेळातला सर्वोच्च वैयक्तिक सन्मान, गमवावं लागलं. कोणतं थायमोसिन, हा प्रश्न वेळेवर कुणी रेटून धरला असता तर?

आता सुरक्षिततेबद्दल जे माहीत आहे ते. निरोगी स्वयंसेवकांना शिरेतून ४२ ते १२६० मिलिग्रॅमपर्यंत मात्रा देऊन पाहिल्या, एकदा आणि मग सलग १४ दिवस, आणि त्या त्यांना सोसल्या. ही चांगली बातमी आहे, पण ती शुद्ध, नियंत्रित परिस्थितीत बनवलेल्या अख्ख्या पेप्टाइडची आहे आणि दोन आठवड्यांची आहे. महिनोन् महिने पोटाच्या कातडीत टोचून घेणाऱ्याला तिचा आधार घेता येत नाही.

आणि कर्करोगाची शंका बाजूला ठेवता येणार नाही. पेशींना सरकायला मदत करणं, मरण्यापासून वाचवणं, नव्या रक्तवाहिन्या आणणं ही तीन कामं जखमेत हवीशी असतात. नेमकी हीच तीन कामं गाठीला पसरायला लागतात. अनेक प्रकारच्या कर्करोगांत बीटा-४ चं प्रमाण वाढलेलं आढळतं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात, उंदरांच्या ज्या कर्कपेशींत ते मुद्दाम वाढवलं त्या फुप्फुसात जास्त पसरल्या. बाहेरून दिलेल्या पेप्टाइडने माणसात कर्करोग होतो असं यावरून सिद्ध होत नाही. पण ज्याला आधी कर्करोग झाला आहे, किंवा ज्याच्या शरीरात कळून न आलेली गाठ असू शकते, त्याने कुठल्याही देखरेखीशिवाय हे टोचून घ्यावं का? माझं उत्तर स्पष्टपणे नाही असं आहे.

वाढीचे घटक जखमेसाठी वापरताच येत नाहीत असं मात्र नाही. बेकाप्लर्मिन हे प्लेटलेट्समधल्याच एका वाढघटकाचं जेल १९९७ पासून मधुमेहातल्या पायाच्या जखमांसाठी अमेरिकेत मान्य आहे. २००८ मध्ये त्याच्यावर कर्करोगाबद्दलचा ठळक इशारा छापावा लागला, आणि पुढची माहिती जमा झाल्यावर २०१८ मध्ये तो काढण्यात आला. न्यूरोट्रॉफिक केराटायटिससाठी, म्हणजे वर आलेल्याच कॉर्नियाच्या आजारासाठी, सेनेगर्मिन हे नसांच्या वाढघटकाचे थेंब अमेरिकेत २०१८ मध्ये मान्य झाले. या दोन्ही औषधांची मात्रा, शुद्धता आणि दुष्परिणाम यांची नोंद कुणीतरी जबाबदारीने ठेवतं.

ज्याची जखम महिनाभरातही भरत नाही, त्याला बहुतेक वेळा लागतं ते साधंच असतं. शिरांच्या दोषाने झालेल्या पायाच्या जखमेला नीट बांधलेली दाबपट्टी, आणि ती बांधण्याआधी पायाकडे जाणाऱ्या धमन्यांचा रक्तपुरवठा तपासणं. मधुमेही पायाला साखरेवर ताबा आणि जखमेवर भार न पडण्याची सोय. बेडसोअरला ठरावीक वेळाने कूस बदलणं आणि पुरेसं प्रथिन असलेला आहार. मेलेलं मांस काढणं, जंतुसंसर्ग ओळखणं. स्नायू किंवा स्नायुबंध दुखावला असेल तर विश्रांतीनंतर हळूहळू वाढवत नेलेला भार.

पेप्टाइड कुणी आधीच घेत असेल तर डॉक्टरला ते सांगावं, संकोच करू नये. कुपीचं लेबल, कुठून आणली, किती आणि किती दिवस टोचली, हे लिहून न्यावं. टोचलेली जागा लाल, गरम, सुजलेली असेल किंवा ताप येत असेल तर त्याच दिवशी दाखवावं, कारण निर्जंतुक नसलेल्या कुपीतून संसर्ग होणं हा यातला सर्वांत जवळचा धोका आहे. कर्करोगाचा इतिहास असेल, गरोदरपण असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तर हे आवर्जून सांगायला हवं. आणि नियमित स्पर्धा खेळणाऱ्याने पुढची मात्रा घेण्याआधी संघाच्या डॉक्टरशी बोलावं. ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर उत्तेजक तपासणीत ग्राह्य धरलं जात नाही.